‘काहीतरी चांगलं द्या’

लालबागच्या एका लहानशा वाचनालयात गेली सतरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मी देवघेवीच्या टेबलाशी बसतो. पगार नाही, पदही नाही. समितीतले लोक मला ‘आमचे संशोधक’ म्हणतात, ते अर्धं कौतुकानं आणि अर्धं चेष्टेनं. या टेबलावर सर्वात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘काहीतरी चांगलं द्या.’ लेखकाचं नाव नाही, विषय नाही, काही नाही. वर्गणीदार जुनं पुस्तक पुढे सरकवतो, चष्मा पुसतो आणि उभा राहतो. त्या क्षणी टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाकडून जी अपेक्षा असते, तिच्याबद्दल मराठी समीक्षेत फार थोडं लिहिलं गेलं आहे. पुस्तकाचं मूल्यमापन कसं करावं यावर ग्रंथ आहेत. पुस्तक कुणाच्या हाती द्यावं यावर जवळजवळ नाहीत.

यंदा हा प्रश्न माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा राहिला नाही. आमची इमारत पुनर्विकासात जाते आहे. नव्या इमारतीत वाचनालयाला जागा मिळणार आहे, पण आताच्या जवळपास निम्मी. कोणती कपाटं न्यायची आणि राहिलेल्या पैशांत गेल्या दहा-पंधरा वर्षांतली कोणती पुस्तकं नव्यानं घ्यायची, याची यादी करायचं काम समितीनं माझ्यावर टाकलं. ‘सामान्य वाचकाला झेपतील अशीच घ्या,’ असं त्यांनी बजावलं. हा झेपणारा सामान्य वाचक कोण, हे शोधता शोधता हा लेख झाला.

गिरणगावात वाचकासाठी पुस्तकं निवडून देण्याची परंपरा जुनी आहे. ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळांबरोबरच लीगनं कामगारवस्तीत मोफत वाचनालयं काढली, फिरती वाचनालयंही चालवली. पुस्तकं माणसांपर्यंत न्यायची म्हटलं की न्यायची कोणती, हे कुणाला तरी ठरवावंच लागतं. परळ-लालबागच्या वाचकासाठी कुणीतरी केलेली ती पहिली निवड असावी, असं मला वाटतं. या निवडीत उपदेशाचा भाग असणार, सुधारकी काळच तसा होता. पण पुस्तक माणसाकडे गेलं पाहिजे ही समज तिच्यात होती. आणि इथलं वाचन डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त होत असे. चाळीच्या खोलीत एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. माझे वडील शेवटपर्यंत वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. घरात ऐकायला कुणी नसलं तरी वाचत.

दुसरी परंपरा गिरगावची. केशवराव कोठावळे यांनी मॅजेस्टिक सिनेमाच्या आसऱ्यानं पुस्तकांची विक्री सुरू केली आणि तिथून मॅजेस्टिक बुक स्टॉल उभा राहिला. 1931 साली ‘आलमआरा’ लागला होता तेच हे थिएटर. पुस्तकविक्रेत्याला वाचकाचा चेहरा दिसतो, म्हणूनच की काय, 1964 च्या जानेवारीत कोठावळ्यांनी निव्वळ पुस्तकांविषयी ‘ललित’ हे मासिक काढलं. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावानं सदर लिहीत. वसंत सरवट्यांनी काढलेला हातोडा घेतलेला ठणठणपाळ आणि दळवींच्या टवाळ्या यांमुळे, एरवी समीक्षेच्या वाटेला न जाणारे लोक लेखकांना घरच्या माणसांसारखे ओळखू लागले. माझ्या मते ही शिफारशीचीच एक जात होती. ज्याची एवढी चेष्टा चालली आहे त्यानं लिहिलंय तरी काय, या कुतूहलानं वाचक पुस्तकापर्यंत पोचत असे. ‘ललित’नं वाचकांकडूनही पुस्तकांची निवड मागवली. तिचं नाव होतं ‘चोखंदळ वाचकांची निवड’. हे नाव मला आवडतं. त्यात वाचकाला ‘सामान्य’ म्हटलेलं नाही.

गिरगावातच, खटाववाडीत, मौजेचं कार्यालय आणि ‘सत्यकथा’. खटाववाडीहून लालबागला बसनं यायला अर्धा-पाऊण तास लागतो. साहित्यातलं अंतर मात्र त्याहून मोठं होतं. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला तो हेच अंतर दाखवण्यासाठी, असं म्हणायला हरकत नाही. पुढे 1982 च्या 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याच वर्षी ‘सत्यकथा’ बंद पडली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. पण मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि आमच्या घरात यांपैकी एकच घटना घडली.

या दोहोंच्या मधली वाट ‘ग्रंथाली’नं काढली. 1974 च्या अखेरीस सुरू झालेल्या या संस्थेनं स्वतःला प्रकाशन संस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. वाचकांनी सभासद व्हायचं आणि कमी किमतीत पुस्तकं घ्यायची, अशी ती योजना. 1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ याच वाटेनं आलं. मी दहावीत असताना आमच्या वाचनालयाच्या तेव्हाच्या ग्रंथपालांनी हेच पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मी रहस्यकथा मागत होतो. ते म्हणाले, “ती पण ने. पण हे आधी वाच. नाही आवडलं तर सांग, मात्र कुठल्या पानावर नाही आवडलं ते सांगायचं.” मी बारावीनंतर शिकलो नाही, हिशेबाच्या नोकरीला लागलो. माझं जे काही शिक्षण झालं ते या ‘कुठल्या पानावर’मधून झालं.

आजची शिफारस कशी होते? एक वाट सरकारी. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळू लागलं. ग्रंथालय संचालनालय फोर्टच्या नगर भवनात आहे. शासनमान्य ग्रंथांची यादी तिथून निघते आणि आमच्यासारखी वाचनालयं ती समोर ठेवून खरेदी करतात. या यादीचे उपकार मी नाकारत नाही. तिच्यामुळे कितीतरी लहान प्रकाशक जगले. पण एका ओळीत एक पुस्तक अशी तिची मांडणी असते, आणि ते पुस्तक कुणी वाचावं हे त्या ओळीत मावत नाही. दुसरी वाट पुरस्कारांची. मुखपृष्ठावर ‘साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त’ अशी गोल चिकटपट्टी लागली की समिती डोळे झाकून पुस्तक घेते आणि वर्गणीदार मात्र हमखास बिचकतो. ‘पुरस्कारवालं नको, हलकं द्या.’ ही चिकटपट्टी मी अनेकदा नखानं खरवडून काढली आहे. समितीला हे ठाऊक नाही, आता कळेल.

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल.

आमच्या चाळीतले आबा गिरणीत साच्यावर होते. संपानंतर काही वर्षं वॉचमन, मग घरी. पाऊणशे वय, पण नजर शाबूत आणि वाचनाची सवय पक्की. जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह मी त्यांना दिला तेव्हा माझ्या मनात जराही शंका नव्हती. पवार गिरणगावचे. 1997 च्या ‘अधांतर’ नाटकात संपानंतरचं घर त्यांनी जसं उभं केलं, तसं दुसऱ्या कुणी केलेलं मला माहीत नाही. ‘लालबाग परळ’ हा चित्रपट त्यावरूनच निघाला. या संग्रहाला 2012 चा अकादमी पुरस्कार मिळाला होता, आणि नावातली ‘फिनिक्स’ ही नुसती पुराणातली पाखराची गोष्ट नव्हे, गिरणीचा मॉल कसा होतो हे लोअर परळच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गिरणी कामगाराला गिरणगावचं पुस्तक. याहून नेमकी शिफारस कोणती असणार?

आबांनी आठवड्यानं पुस्तक परत आणलं. दोन कथा वाचल्या होत्या. “चांगलं लिवलंय,” म्हणाले, “खोटं काय बी नाय. पण अरे, हे मला कशाला देतोस? गिरणी मला पाठ हाय. रातच्याला झोपेत पण तीच असती.”

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा उमगलं की मी आबांना वाचक म्हणून पुस्तक दिलंच नव्हतं, नमुना म्हणून दिलं होतं. कामगार म्हणजे कामगारांचं साहित्य, बाई म्हणजे बायकांची आत्मचरित्रं, दलित वस्तीतला मुलगा म्हणजे दलित साहित्य, अशा कप्प्यांतून आम्ही पुस्तकं वाटतो आणि त्याला वाचकाची जाण म्हणतो. आणि पवारांच्या कथांवरही मी अन्यायच केला होता. त्या काही गिरणगावच्या बातम्या नाहीत. तिथे वास्तव एकाएकी स्वप्नासारखं वळण घेतं, सांगणाऱ्याचा आवाज बदलतो, गोष्ट स्वतःवरच संशय घेते. हे पुस्तक ज्यांनी गिरणी पाहिलेली नाही, भोंगा ऐकलेला नाही, जे आता त्याच जमिनीवरच्या काचेच्या कचेऱ्यांत कामाला जातात, त्यांच्या हाती पडायला हवं होतं. पुढे मी ते एका विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीला दिलं. तिनं दोनदा मुदत वाढवून घेतली आणि नंतर ‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’ मागून नेलं. या नावाच्या कथेवरचा चित्रपट 2022 साली आला तेव्हा बराच गदारोळ झाला होता. ती म्हणाली, कथा त्या गदारोळापेक्षा खूप शांत आहे आणि म्हणून जास्त भीती वाटते. इतकी नेमकी समीक्षा मी छापील पानांवर क्वचित वाचली आहे.

आबांना काय द्यायचं हा प्रश्न उरलाच होता. ते मूळचे पाटण तालुक्यातले. गिरणगावात साताऱ्याच्या घाटाकडची माणसं किती होती हे इथल्या जुन्या मंडळांच्या पाट्या वाचल्या तरी समजतं. आबा लहान असताना त्यांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. ही गोष्ट चाळीत सगळ्यांना ठाऊक होती, मलाही; पण वाचनालयाच्या कार्डावर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो, ‘बुडालेलं गाव’ असा नसतो. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ तेव्हा नुकतीच आमच्याकडे आली होती. 2023 चा अकादमी पुरस्कार तिचाच. मूळ जागेवरून उठवलेली माणसं, मागे सोडून दिलेली जनावरं, आणि ती आणायला परत गेलेला माणूस, एवढंच कथानक. रानात राहून गुरं रानटी झाली आहेत आणि माणूस त्यांना आपलं म्हणतो आहे. आता कोण कुणाचं, हा तिढा. खोतांची भाषा कोल्हापूरकडच्या डोंगराळ भागातली. सुरुवातीची पंचवीस-तीस पानं शहरी वाचकाला अडखळवतात. मी स्वतः अडखळलो.

आबा अडखळले नाहीत. त्यांनी ती तीन आठवडे ठेवली आणि परत देताना बसून घेतलं. त्यांच्या घरची एक गाय गाव सोडताना मागे राहिली होती, तिचं नाव त्यांना आठवत होतं. ती त्यांनी या साठ वर्षांत मुंबईत कुणाला सांगितली नव्हती, कारण विचारलं कुणी नव्हतं. मग म्हणाले, “ह्या लेखकाला ठावं हाय, जनावर माणसाची वाट बगत नाय.” सून त्यांना घ्यायला आली तेव्हा आठ वाजून गेले होते. वाचनालय साडेसातला बंद होतं.

समितीच्या हिशेबात ‘रिंगाण’ हे जड पुस्तक आहे आणि आबा हे सामान्य वाचक. दोन्ही शिक्के चुकीचे निघाले. पुस्तक सोपं की अवघड हे पानांवर ठरत नाही, तर वाचक कुठून आला आहे त्यावर ठरतं. म्हणून शिफारस करणाऱ्यानं पुस्तकाची तारीफ करण्यापेक्षा त्याची दारं सांगावीत. आत कुठून शिरायचं, कुठे डोकं आपटेल, कुणाला ते घर ओळखीचं वाटेल. या कसोटीवर यादीतल्या आणखी काही पुस्तकांबद्दल लिहितो.

किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला 2021 चा अकादमी पुरस्कार मिळाला. दीर्घकथांचं पुस्तक. शीर्षककथेतला बाळू खेड्यातून शिकायला शहरात येतो, इतकंच घडतं. पण नव्या जागेत आपण कसे उभे राहतो, कुणासमोर आवाज कसा बसतो, बापाकडे अचानक परक्याच्या नजरेनं कसं पाहू लागतो, हे गुरव हसवत हसवत सांगतात. शीर्षकातल्या ‘अवस्थांतर’ या शब्दाला लोक घाबरतात. मी टेबलावर त्याला ‘बाळूची डायरी’ म्हणतो आणि ते लगेच जातं. कॉलेजला जाणाऱ्या मुलांपेक्षा त्यांचे आईबापच ते आवडीनं वाचतात, असं माझं निरीक्षण.

शरद बाविस्कर यांचं ‘भुरा’ हे आत्मकथन लोकवाङ्मय गृहानं 2021 साली काढलं. धुळ्याकडचा, दहावीत इंग्रजीत नापास झालेला मुलगा पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंच शिकवू लागतो. एवढ्या सारांशावर ते ‘यशोगाथा’ म्हणून खपवता येतं आणि तसं ते खपवलंही जातं. ते चुकीचं आहे. बाविस्कर यशावर थांबत नाहीत. शिक्षण माणसाला घरापासून कसं तोडतं आणि भाषा बदलली की विचार कसा बदलतो, यावर ते थांबतात. उत्तरार्धात युरोपातल्या विचारवंतांची गर्दी होते, तिथे काही वाचक गळतात. आमच्या गल्लीत पोळीभाजीचे डबे देणाऱ्या काकूंनी ते मुलासाठी नेलं, मुलगा दहावीला दुसऱ्यांदा बसत होता. मुलानं उघडलं नाही. काकूंनी रात्री भांडी झाल्यावर वाचलं आणि मला म्हणाल्या, “त्या मुलाच्या आईबद्दलचं तेवढं सगळं वाचलं. बाकीचं तुम्ही वाचा.” मी त्याला अपुरं वाचन मानत नाही.

गिरणगावच्या इतिहासासाठी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं मौखिक इतिहासाचं पुस्तक. मूळ इंग्रजी 2004 चं, मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’. यात कामगार, त्यांच्या बायका, कार्यकर्ते, शाहीर स्वतः बोलतात. ते कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. लोक येतात, ओळखीची गल्ली आणि ओळखीचं नाव शोधतात, उभ्या उभ्या चार पानं वाचतात. आमची प्रत शिवण उसवून दोनदा बांधून घ्यावी लागली. विश्वास पाटलांच्या ‘लस्ट फॉर लालबाग’ला आमच्याकडे नावामुळेच मागणी असते. ती मी कुणाला सुचवत नाही, कारण सुचवावी लागत नाही. तिच्यानंतर लगेच हे मौखिक इतिहासाचं पुस्तक न्या, एवढं मात्र सांगतो. कादंबरीचा वेग आणि माणसांच्या बोलण्यातला संथपणा शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

आणि एक पुस्तक, जे मी दिलं आणि जे कुणीच पूर्ण केलं नाही: नंदा खरे यांची ‘उद्या’. 2020 चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. जवळच्या भविष्यातला समाज, माणसांच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारी यंत्रणा, मुलींची घटलेली संख्या, बाजारानं गिळलेलं सगळं. खरे स्थापत्य अभियंते होते आणि कादंबरीही इंजिनिअरच्या तिरकस विनोदानं रचलेली आहे. पात्रं बरीच, धागे बरेच, लेखक वाचकाचं बोट धरत नाही. चार वर्षांत पाच जणांनी नेली, पाचही जणांनी निम्म्यावर परत केली. एकानं तर मला विचारलं, “तुम्ही तरी संपवलीत का?” मी संपवली आहे, दोनदा. मी सांगितलेल्या कसोटीप्रमाणे ‘उद्या’चं दार मला अजून सापडलेलं नाही, हे मान्य करायला हवं. तरीही नव्या जागेत जाणाऱ्या कपाटात मी ती ठेवणार आहे. चाळीच्या दाराशी आता कॅमेरा बसला आहे, वर्गणीदारांची नोंद मोबाइलवर घ्यावी असा ठराव समितीपुढे आहे. ‘उद्या’चा वाचक बहुधा अजून वर्गणीदार झालेला नाही.

यावरून समितीत माझं भांडण झालं. फिरत नाही ते पुस्तक जागा अडवतं, हा त्यांचा मुद्दा, आणि निम्म्या जागेत तो खोटा नाही. मी जुनी दाखल नोंदवही काढून दाखवली. ज्या ‘बलुतं’नं मला वळण लावलं, त्याच प्रतीवर माझ्या आधीच्या चार वर्षांत दोनच तारखांचे शिक्के आहेत. पण एका माणसाच्या नशिबावर कपाटांचं धोरण ठरत नाही, असं कोषाध्यक्ष म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की न फिरणारी पुस्तकं एक कपाटभरच ठेवायची आणि त्यांतली कोणती, हे दर दिवाळीला पुन्हा तपासायचं.

प्रत्येक नव्या पुस्तकाच्या आत मी आता एक चिठ्ठी चिकटवतो आहे. तिच्यावर तारांकन नाही, ‘अवश्य वाचा’ नाही. ‘पहिली तीस पानं सावकाश, मोठ्यानं वाचली तर बरं,’ असं ‘रिंगाण’मध्ये. ‘दुसऱ्या कथेपासून सुरू केलंत तरी चालेल,’ असं पवारांच्या संग्रहात. ‘भुरा’च्या चिठ्ठीत काकूंचं वाक्य घातलं आहे, त्यांना विचारून, नाव नको म्हणाल्या. चिठ्ठीच्या खाली दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत, वाचणाऱ्यानं कुठल्या पानावर काय झालं ते लिहावं म्हणून. ‘उद्या’ची चिठ्ठी अजून लिहायची आहे.

आबा गेल्या शनिवारी आले होते. जिना चढताना आता दम लागतो, म्हणून खालीच बाकावर बसले आणि निरोप पाठवला, काहीतरी चांगलं द्या. मी ‘बाळूची डायरी’ घेऊन खाली गेलो. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ह्यात गिरणी नाय ना?”